परळच्या मतदाराचा जमाखर्च

(गिरणी कामगारांच्या सभेत झालेले भाषण)



आज आम्ही येथे कोणाला मत द्या हे सांगायला उभे नाही. त्यासाठी गाड्या फिरतात, भोंगे लागतात, ते काम करणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज एका मतदारसंघाची गोष्ट सांगणार आहोत. त्या मतदारसंघाचे नाव परळ.

तुम्ही म्हणाल, परळ आम्हाला काय सांगता? आमची हाडे तिथे झिजली. खरे आहे. पण मंडळी, परळचे स्टेशन आहे, परळचे नाके आहेत, परळची इस्पितळे आहेत. विधानसभेचा परळ मतदारसंघ मात्र आज नाही. २००८ साली मतदारसंघांची नवी आखणी झाली, २००९ ची निवडणूक तिच्यावर झाली, आणि परळ हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले. ज्या नावाने एकेकाळी मुंबई सरकारची झोप उडत होती ते नाव एका कागदावरच्या रेघोट्यांनी पुसले. ते कसे पुसले गेले, आणि त्यात आपला वाटा किती, दुसऱ्याचा किती, हे आज मांडायचे आहे.

मागे चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या साचेवाल्याने आम्हाला विचारले, "काय हो, पन्नास वर्षं मत दिलं, एकदाही चुकलो नाय. काय मिळालं?" आम्ही त्या वेळी गप्प बसलो. त्याला उत्तर द्यायचे तर वहीच उघडावी लागेल, एका बाजूला जमा आणि एका बाजूला खर्च. ती वही आज उघडतो.

मत नव्हते तेव्हा

पहिली गोष्ट ही ध्यानात धरा की कामगाराला मत कोणी खिरापतीसारखे वाटलेले नाही. १९२१ पासून दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांच्या वतीने ना. म. जोशी बसत. माणूस थोर, कामगारांसाठी आयुष्य वेचलेला. पण ते तिथे कसे गेले? सरकारने नेमले म्हणून. कामगारांनी त्यांना निवडून दिले नाही, कारण निवडून देण्याचा हक्कच कामगाराला नव्हता. आपल्या मुंबई कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले कामगारांच्या बाजूने बोलले, तेही नेमणुकीने. सरकारने नेमलेला माणूस कितीही सज्जन असला तरी त्याची दोरी नेमणाऱ्याच्या हातात असते.

आणि तरीही १९२८ साली याच गिरणगावाने सहा महिने संप केला. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, त्याच वर्षी जन्माला आली. म्हणजे मत नसताना आवाज होता. पण तो आवाज कायदेमंडळाच्या दारात पोचला की बाहेरच अडत होता.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना विधानसभा मिळाल्या. मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ जागा, त्यांतल्या ७ कामगार संघटनांसाठी राखून ठेवलेल्या. बाकीच्या जागांसाठी मत कोणाला? जो ठरावीक घरभाडे देतो, कर भरतो किंवा ठरावीक शिकलेला आहे त्याला. आता आपल्या चाळीचा विचार करा. एका खोलीत दहा-पंधरा कोकणे-घाटी गडी, एक पाळी झोपते तेव्हा दुसरी साच्यावर उभी. खोलीची भाडेपावती एकाच्या नावावर. मग मत कोणाला? पावतीवाल्याला. बाकीचे चौदा जण खाणावळीचे पैसे भरायचे, गावी मनिऑर्डर पाठवायची, गिरणी चालवायची, पण सरकारच्या लेखी ते नव्हतेच. खाणावळ चालवणारी बाई तर त्याहून नव्हती.

अशा अर्ध्या-पाव मतदानातसुद्धा १९३७ साली भायखळा-परळ मतदारसंघाने काय केले ते ऐका. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत ज्यांनी वर्षानुवर्षे संसार केला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने तिथे उभे राहिले. समोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना, हिंदुस्थानात नाव गाजलेला गोलंदाज, तोही दलित समाजातला. सामना सोपा नव्हता. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. दोन हजारांच्या फरकाने परळने बाबासाहेबांना विधानसभेत धाडले.

त्या वेळच्या मतदानाची एक खुबी होती, ती सांगतो. मतदारसंघ एकाहून अधिक जागांचा आणि मतदाराला तितकी मते. ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. गरिबाची मते थोडी, पण ती एकवटता येत होती. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

परळने धाडलेला तो माणूस विधानसभेत गप्प बसला नाही. संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल आले तेव्हा बाबासाहेब आत लढले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला बाहेर एक दिवसाचा संप झाला तेव्हा लाल बावट्याबरोबर एका व्यासपीठावर उभे राहिले. आतले मत आणि बाहेरचा संप एका हातात आले तर काय होते, ते या मतदारसंघाने तेव्हाच दाखवले. बिल पास झाले हे खरे. पण कामगाराच्या वतीने कोणी बोलले नाही असे मात्र कोणाला म्हणता आले नाही.

प्रत्येक माणसाला एक मत

१९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली. पुढे १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. एकवीस वर्षांचा झालेला प्रत्येक माणूस, बाई असो की पुरुष, भाडेपावती असो की नसो, मतदार. गिरणीचा मालक एका मताचा आणि त्याच्या गिरणीतला बदली कामगारही एका मताचा. हजारो वर्षांच्या या देशात अशी बरोबरी पूर्वी कधी झाली नव्हती. वहीच्या जमेच्या बाजूला पहिली रक्कम ही लिहा, आणि ठळक लिहा.

पण हक्क मिळणे वेगळे आणि तो वापरता येणे वेगळे. त्या निवडणुकीत उमेदवारागणिक वेगळी पेटी असे, पेटीवर चित्र. कागदावर शिक्का मारायचा नव्हता, कागद पेटीत टाकायचा. आपल्या दादर-परळच्या बाजूचा लोकसभेचा उत्तर मुंबई शहर मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन कागद. आता नियम असा की दोन्ही कागद एकाच उमेदवाराला देता येत नाहीत. १९३७ ला जे चालत होते ते १९५२ ला चालेना! बाबासाहेब तिथे उभे होते, अशोक मेहता होते, कॉम्रेड डांगेही होते. कामगारांची मते तीन वाटांनी गेली. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. ज्यांनी घटना लिहिली ते बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. आणि बाद झालेली मते किती? सत्तर हजारांच्या वर! पडलेल्या फरकाच्या कितीतरी पट मते कचऱ्यात गेली.

याच निवडणुकीत उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले. यादीत नाव नाही तर माणूस नाही.

आणि आणखी एक आकडा पाठ करून ठेवा, एकोणीस. १९५२ साली मोरारजी देसाई बलसाड-चिखली मतदारसंघात पडले, ते फक्त १९ मतांनी. एका चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त मतदार राहतात. तरी ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, पुढे पोटनिवडणुकीने आत आले, आणि त्यांच्याच राजवटीत १९५५-५६ साली मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या सुटल्या. मत दिल्याने सगळे होते असे आम्ही म्हणत नाही. पण मत दिल्यानंतर जागे राहावे लागते, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

मुंबई कोणाची आणि मत कोणत्या सभागृहासाठी

१९५५-५६ ची हकिकत या सभेला सांगायची गरज नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी काय झाले, जानेवारी १९५६ मध्ये लालबाग-परळच्या गल्ल्यांत काय झाले, ते ज्यांनी पाहिले त्यांनी नातवंडांना सांगितले आहे. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत गिरणीत राबणारे कितीतरी. आम्ही फक्त मतदाराच्या नजरेने एक मुद्दा मांडतो.

१६ जानेवारी १९५६ ला दिल्लीने जाहीर केले की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. याचा मतदाराला अर्थ काय? अर्थ असा की परळचा माणूस महाराष्ट्राच्या विधानसभेत बसणारच नाही. ज्या रत्नागिरी-साताऱ्याहून तो आला, जिथे त्याची म्हातारी आई आणि दोन गुंठे जमीन, त्या गावाचा कायदा एका सभागृहात होणार, आणि ज्या गिरणीत तो राबतो तिचा कारभार दिल्लीहून चालणार. माणूस एक, पोट एक, आणि त्याच्या हक्काचे दोन तुकडे. म्हणून गिरणी कामगार पेटला. भाषेचे प्रेम होतेच. पण ज्या भाषेत आपण भांडतो त्याच भाषेत आपला कायदा व्हावा, आणि तो करणाऱ्याची कॉलर आपल्या हाताला लागावी, हा रोखठोक हिशेबही होता.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक राज्य आले. आणि १९५७ ची निवडणूक आली. लोकसभेच्या मध्य मुंबई मतदारसंघात पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन कागद. पण या वेळी मते तीन वाटांनी गेली नाहीत. समितीने एक जागा कम्युनिस्ट डांग्यांना दिली, दुसरी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जी. के. माने यांना. एक कागद इकडे, एक कागद तिकडे. दोघेही निवडून आले! पाच वर्षांपूर्वी ज्या दोन कागदांनी आपला घात केला, त्याच दोन कागदांनी आपण वचपा काढला. विधानसभेला दादरमधून आचार्य अत्रे निवडून आले. महापालिकेत समितीचे मो. वा. दोंदे १९५७ ला महापौर झाले, आणि १९५८ ला गिरणी कामगारांचे पुढारी कॉम्रेड मिरजकर त्या खुर्चीवर बसले. मुंबईचा पहिला नागरिक कामगारांचा पुढारी!

सबंध द्वैभाषिकात ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या, राज्य तिचेच राहिले. पण मराठी मुलखाने कौल काय दिला ते दिल्लीला वाचता आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. जमेच्या बाजूला ही दुसरी मोठी रक्कम. ती रक्ताने आणि मताने, दोन्हींनी मिळालेली आहे.

फाटकाच्या बाहेर मत, फाटकाच्या आत?

आता खर्चाच्या बाजूला वळू. एक गोष्ट अशी आहे की ती समजल्याशिवाय परळच्या मतदाराचे वागणे कोणालाच समजणार नाही.

१९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. त्यात गिरणीधंद्यासाठी एका भागात एकच प्रातिनिधिक युनियन. मालकाशी करार करायचा तो तिनेच, तो बांधील सगळ्यांना. ही युनियन ठरायची कशी? सभासदांच्या नोंदींवरून. कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे!

बघा हं, काय गंमत आहे. हा कामगार देशाचा पंतप्रधान कोणत्या पक्षाचा असावा हे ठरवू शकत होता. राज्याचे सरकार पाडू शकत होता. पण गिरणीच्या फाटकातून आत शिरला, हजेरी लावली, की आपल्या पगाराचा सौदा कोणी करावा हे गुप्त मत देऊन ठरवण्याचा हक्क त्याला नव्हता. बाहेर तो मतदार, आत तो नुसता नंबर.

मग त्याने काय केले? जे आत बोलता येईना ते बाहेर मतपेटीत बोलला. परळची विधानसभा निवडणूक म्हणजे आमदाराची निवडणूक कमी आणि युनियनची निवडणूक जास्त, असे होऊन बसले. गेटसभा, द्वारसभा, चाळीतल्या बैठका, सगळ्यांत बोनस, महागाई, बदली कार्ड, आणि त्याच सभेत उमेदवार. इतर ठिकाणी लोक रस्त्यासाठी, नळासाठी मत देत. परळने पाळीसाठी, साच्यासाठी मत दिले. हे परळचे मोठेपण. आणि पुढे बघाल, हेच परळचे दुखणेही झाले.

एका चाळीतली दोन मते

महाराष्ट्र मिळाला आणि समिती फुटली. कोण आधी गेला, कोण नंतर गेला, हे आता उगाळून उपयोग नाही. १९६२ साली डांगे पडले, विठ्ठल बाळकृष्ण गांधी पुन्हा लोकसभेत गेले, आणि विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. पाच वर्षांत एवढा फरक! मतदार तोच, चाळ तीच. एकी तेवढी उरली नव्हती.

१९६७ साली वारे फिरले. डांगे लोकसभेत आले, आणि विधानसभेत आमच्या भागातून कृष्णा देसाई. कृष्णा देसाई म्हणजे गल्लीतला माणूस, पोरांना हाक मारणारा, नगरसेवक म्हणून भागातल्या घराघरांत ओळखीचा. त्याच्या आदल्या वर्षी, १९ जून १९६६ ला, शिवसेना निघाली होती. कामगाराच्या पोराला नोकरी मिळत नव्हती, गिरणीत बापाच्या जागी लागावे तर तिथेही बदलीच. त्या पोराला भगवा जवळचा वाटला, बापाला लाल. एकाच खोलीत मोरीजवळच्या खुंटीला दोन झेंडे अडकलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. रात्री जेवताना वाद, सकाळी एकाच नळावर रांग.

५ जून १९७० च्या रात्री लालबागेत कृष्णा देसाईंचा खून झाला. विधानसभेचा चालू आमदार, स्वतःच्या वस्तीत मारला गेला. त्या रात्रीबद्दल बोलताना आवाज चढवावासा आम्हाला वाटत नाही. ज्याने कोणी सुरा उचलला त्याने एका माणसाचा जीव घेतला, आणि शिवाय हजारो मतदारांनी दिलेले मत मारले. मत पटले नाही तर पाच वर्षांनी बदलता येते. मारलेला माणूस परत येत नाही.

ऑक्टोबर १९७० मध्ये पोटनिवडणूक झाली. कम्युनिस्ट पक्षातर्फे कृष्णा देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई, शिवसेनेतर्फे वामनराव महाडिक. साऱ्या महाराष्ट्राचे डोळे परळकडे. निकाल असा लागला: महाडिक ३१,५९२, सरोजिनीबाई २९,९१३. फरक १,६७९ मतांचा. वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

या आकड्यांचा हिशेब एकदा पुरा करू. दोघांची मिळून ६१,५०५ मते. त्यांतल्या ८४० माणसांनी इकडचे मत तिकडे दिले असते तर निकाल उलटा. ८४० माणसे म्हणजे काय? दोन-चार मोठ्या चाळी. एका गिरणीच्या एका पाळीच्या सुटण्याची गर्दीसुद्धा याहून जास्त असे. कोणी म्हणतो त्या दिवशी परळ लालाचा भगवा झाला. आम्ही म्हणतो नाही. त्या दिवशी परळ निम्मा-निम्मा झाला. दोन्ही बाजूंनी मत देणारे गिरणी कामगारच होते. एकाच पगारावर जगणारे, एकाच मालकाचे नोकर, आणि तरी दोन फळ्या. ज्याला गिरणगावाची भीती वाटत होती त्याला त्या रात्री शांत झोप लागली असेल.

संप आणि मत

१८ जानेवारी १९८२. ही तारीख सांगितली की या सभेत कोणाला पुढचे सांगावे लागत नाही. अडीच लाख कामगार, सुमारे साठ गिरण्या, आणि डॉ. दत्ता सामंत. मागणी पगाराची होतीच, पण मुळाशी तीच जुनी सल होती: आमच्या वतीने बोलायचे कोणी ते आम्हाला ठरवू द्या, तो १९४६ चा कायदा काढा. जे मत फाटकाच्या आत नाकारले गेले त्याची किंमत म्हणून कामगाराने गिरणीच बंद पाडली. भांडी विकली, मंगळसूत्र गहाण पडले, पोरे गावी धाडली. संप मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, कागदोपत्री तो आजही चालू आहे असे लोक म्हणतात. भोंगे मात्र एकेक करून थांबले.

आणि मतदार? डिसेंबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने नेल्या. अशा लाटेत दक्षिण मध्य मुंबईने डॉ. सामंतांना निवडून दिले! पोटात अन्न नव्हते, खात्यात पैसा नव्हता, पण मत होते. मोडलेल्या कामगाराने ते मत देऊन सांगितले, आम्ही हरलो असू, पण आमचा माणूस चुकला नव्हता.

पण मंडळी, दिल्लीत पाचशेहून अधिक जणांच्या सभागृहात एक माणूस काय करणार? विधिमंडळाबाहेर जी ताकद होती ती संपाबरोबर संपली, आणि बाहेरच्या ताकदीशिवाय आतले मत लंगडे. १९३८ ला दोन हात होते, १९८४ ला एकच उरला. १९८९ साली त्याच मतदारसंघातून वामनराव महाडिक खासदार झाले. १६ जानेवारी १९९७ ला डॉ. सामंतांनाही भर रस्त्यात गोळ्या घातल्या. जो या भागात मतदारांचा लाडका होतो त्याच्या वाट्याला असे मरण का यावे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

रेघ कशी पुसली

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. परळ मतदारसंघ गेला कुठे?

१९९१ साली शहराच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी नियम झाला. म्हणायला तो बरा होता, जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक हिस्सा परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ साली तो नियम बदलला: वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकाम असलेल्या जमिनीची नाही. गिरणी म्हणजे तर सगळी शेडच! मग वाटायला उरले काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये निकाल बदललेल्या नियमाच्या बाजूने लागला. चिमण्या पडल्या, मनोरे उभे राहिले.

चाळ गेली की चाळीतला माणूस जातो. कोणी डोंबिवली-कल्याणला गेला, कोणी विरारला, कोणी गावी. आणि मतदारसंघ आखतात ते शिरगणतीवर. डोकी कमी झाली की जागा कमी. नव्या आखणीत मुंबई शहराच्या विधानसभेच्या जागा १७ वरून १० वर आल्या, उपनगरांच्या १७ वरून २६ झाल्या. शहराच्या सात जागा गेल्या, त्यांत परळ गेला. त्याचा बराचसा भाग शिवडीत मिसळला.

शिवडीत २००९ ला मनसेचे बाळा नांदगावकर निवडून आले, २०१४ पासून तीनही वेळा अजय चौधरी. शेजारच्या वरळीने २०१९ ला आणि पुन्हा २०२४ ला आदित्य ठाकरे यांना निवडले. पक्ष कोणताही असो, आम्ही फक्त एवढेच दाखवतो की आता उमेदवार एकाच मतदारसंघात दोन तऱ्हेच्या माणसांना मते मागतो. एक चाळीतला, एक चाळिसाव्या मजल्यावरचा. दोघांचे मत एक-एकच. पण एकाचा फोन लगेच उचलला जातो.

मग मिळाले काय?

आता वहीची बेरीज. जमा: मताचा हक्क, मुंबईसह महाराष्ट्र, आणि एक काळ असा की कामगाराला विचारल्याशिवाय या शहरात पान हलत नव्हते. खर्च: फाटकाच्या आत मत कधीच मिळाले नाही, गिरण्या राहिल्या नाहीत, आणि जमिनी आपल्या डोळ्यांदेखत गेल्या. घरांचे म्हणाल तर २०१२ साली सोडतीत ६,९२५ घरे निघाली. अर्जदार मात्र लाखाच्या वर. सोडतीच्या रांगेत उभे राहता राहता किती माणसे गेली, हे प्रत्येक चाळीला ठाऊक आहे.

त्या म्हाताऱ्या साचेवाल्याला आज आम्ही उत्तर देतो: बाबा, तुझे मत फुकट गेले नाही. ते एकत्र पडले तेव्हा राज्य मिळाले. ते फुटले तेव्हा गिरणी गेली. मतामागे उभी संघटना होती तेव्हा सरकार ऐकत होते. संघटना गेल्यावर सरकार फक्त मोजत राहिले.

म्हणून या सभेने घरी जाताना चार कामे घेऊन जावीत.

पहिले, यादीत नाव पाहा. स्वतःचे, घरातल्या बायकांचे, आणि अठरा पुरे झालेल्या नातवंडांचे. नाव नसेल तर नमुना ६ भरा. घर बदलले असेल तर नमुना ८. चाळ पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही भाड्याच्या जागेत गेलात तर हे आधी करा. चाळीबरोबर नावही पडू देऊ नका.

दुसरे, गावी एक आणि मुंबईत एक अशी दोन नावे ठेवू नका. कायद्याने ते चालत नाही. जिथे खरोखर राहता तिथेच नाव. गणपतीला, शिमग्याला गावी गेलात म्हणून मुंबईतले नाव जात नाही, पण कायमचे गेलात तर तिथे नाव घाला. रत्नागिरीत, साताऱ्यात, विरारमध्ये, जिथे असाल तिथे गिरणी कामगार म्हणूनच मत मागायला येणाऱ्याला विचारा.

तिसरे, काय विचारायचे ते आधी ठरवा. घरे किती, कुठे आणि कोणत्या सालापर्यंत? हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनांची आपल्याकडे गोदामे भरली आहेत.

चौथे, मत दिल्यावर वही मिटू नका. पाच वर्षे उघडी ठेवा, आणि पाचव्या वर्षी तीच वही घेऊन उमेदवारासमोर बसा.

परळचे नाव यादीतून गेले. पण मतदारसंघ रेघांनी आखतात, मतदार रेघांनी होत नाही. तो एकाशेजारी एक उभा राहिल्याने होतो. १९५७ ला आपण उभे राहिलो होतो, दोन कागद हातात घेऊन. आज कागद नाही, यंत्राचे बटण आहे. बोट मात्र तेच आहे, साच्यावर सूत जोडणारे.



जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!